शेवटचा दिवस: ल्युसर्न ते झुरिक विमानतळ

पॅरिस–इंटरलाकेन–ल्युसर्न रेल्वे सहलीला येणाऱ्या मंडळींसाठी

कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या दिवसापुढे नुसतं 'परतीचा प्रवास' लिहिलेलं पाहून बरेच जण ऑफिसात फोन करतात. "विमान रात्री आहे ना? मग दिवसभरात टिटलिस उरकून घेऊ की!" नको. टिटलिसच्या डोंगरावर ढग आले, केबलकार थांबली, तर विमान थांबत नाही. तो दिवस आम्ही मुद्दाम रिकामा ठेवला आहे.

सकाळी बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवा आणि कापेलब्र्युके या लाकडी पुलावरून सावकाश चक्कर मारून या. पूल चौदाव्या शतकातला, छप्पर असलेला. ऑगस्ट १९९३ मध्ये त्याचा मोठा भाग जळाला आणि आठच महिन्यांत पुन्हा उभा राहिला. छताखाली सतराव्या शतकातली त्रिकोणी चित्रं होती, त्यांतली बरीचशी त्या आगीत गेली. पुढे स्टेशनसमोर एक जुनी दगडी कमान एकटीच उभी दिसेल. तीही १९७१ च्या आगीत जळालेल्या जुन्या स्टेशनची. या गावाचा आगीशी काही जुना हिशेब असावा!

ल्युसर्नहून विमानतळाला सव्वा तासाच्या आसपास लागतो. काही गाड्या थेट जातात, काहींसाठी झुरिकच्या मुख्य स्टेशनवर बदलावं लागतं. तिथून पुढे दहा-बारा मिनिटं. विमानतळाचं स्टेशन टर्मिनलच्या खालीच आहे, टॅक्सी लागत नाही. गाडीत उजव्या हाताची खिडकी धरा. आधी झुगचं तळं आणि मग थालविल स्टेशनपासून झुरिकचं तळं त्याच बाजूला येतं.

फलाटावर वेळेआधी उभे राहा. तिथल्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा बारावर येऊन क्षणभर थबकतो, मग मिनिटकाटा टपकन पुढे सरकतो. घड्याळ बिघडलेलं नाही, १९४४ मध्ये हान्स हिल्फिकर यांनी आखलेल्या या घड्याळाची ती खासियत आहे. काटा थांबला म्हणून गाडी मात्र थांबणार नाही.

स्विस ट्रॅव्हल पासचे दिवस तारखेप्रमाणे, सलग मोजले जातात. पहिला प्रवास दुपारी चार वाजता केला तरी तो एक दिवस गेला. आमच्या पासमध्ये शेवटचा दिवस धरलेला आहे. पण कोणी नातेवाइकांकडे दोन दिवस जास्त राहणार असाल, तर विमानतळाचं तिकीट वेगळं काढावं लागेल. पास आणि पासपोर्ट दोन्ही हाताशी ठेवा, टीसी दोन्ही मागू शकतो.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट: खरेदीवरच्या कराचा परतावा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहे, पण युरोपीय संघात नाही. पॅरिसहून येताना गाडीत कोणी फारसं काही विचारत नाही, त्यामुळे सीमा कधी ओलांडली तेही कळत नाही. पण पॅरिसमध्ये घेतलेल्या पर्सच्या कर-परताव्याच्या फॉर्मवर कस्टमचा शिक्का हवा तो युरोपीय संघातून बाहेर पडतानाचा. झुरिकचा कस्टम अधिकारी तो मारत नाही. गेल्या मोसमात एका काकूंनी तिथे अर्धा तास हुज्जत घातली, शिक्का काही मिळाला नाही. म्हणून मोठी खरेदी स्वित्झर्लंडमध्येच करा. तिथल्या परताव्यासाठी एकाच दुकानाचं बिल निदान ३०० फ्रँकचं हवं आणि फॉर्म मागून घ्यायला हवा. वस्तू मोठ्या बॅगेत असेल, तर बॅग चेक-इनला देण्याआधी शिक्का घ्या. अधिकारी वस्तू दाखवा म्हणू शकतो.

परतीचा दिवस रविवार असेल, तर गावातली बहुतेक दुकानं बंद असतात. झुरिकच्या मुख्य स्टेशनातली आणि विमानतळावरची उघडी असतात, चॉकलेटं तिथून घ्या. फ्रँकची नाणी तिथेच संपवा, इथे भारतात मनी चेंजर सहसा नाणी घेत नाहीत.

आणि हौसेनं घेतलेला स्विस चाकू चेक-इनच्या बॅगेत, अगदी तळाशी. दर सहलीत एक तरी चाकू सुरक्षा तपासणीच्या डब्यात जमा होतो.