शंटची पोटातील गुंतागुंत

जलशीर्ष, म्हणजे बोलीत ‘डोक्यात पाणी झालंय’ म्हणतात तो विकार. त्यावरचा सर्वांत रूढ इलाज म्हणजे शंट: मेंदूच्या पोकळीतून त्वचेखालून पोटात उतरवलेली सिलिकॉनची नळी. नळीतला प्रवाह आवरणाऱ्या झडपेचा उंचवटा बहुधा कानामागे बोटाला लागतो. अंगाने बारीक मुलात मान आणि छातीवरून उतरणारी नळी नुसती डोळ्यांनाही दिसते. प्रौढात रोज सुमारे ५०० मिलिलिटर मस्तिष्कमेरुद्रव, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी, तयार होतो. नळीतून आलेले पाणी पोटातले अस्तर शोषून घेते. हे शोषण अडले की दुखणे पोटात आणि धोका डोक्याला.

सर्वांत फसवी ती आभासी गाठ. नळीच्या टोकाभोवती आतडी चिकटून कप्पा होतो, त्यात पाणी तुंबते, पोट फुगते. मुळाशी पुष्कळदा मंद जंतुसंसर्ग असतो; एरवी त्वचेवर निमूट राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा त्यातला नेहमीचा. ताप असेलच असे नाही. सोनोग्राफीत गाठ आणि तिच्यात अडकलेले टोक दिसते. संसर्ग असल्यास शंट काढून पाणी तात्पुरते बाहेरच्या पिशवीत घेतात, अँटिबायोटिक देतात आणि द्रव जंतुरहित झाल्यावरच नवा शंट बसवतात. पोट पुन्हा साथ देईना, तर टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात सोडण्याचा पर्याय उरतो.

क्वचित नळी आतड्याला भोक पाडून गुदद्वारातून डोकावते, आणि तेव्हाही पोट दुखतेच असे नाही. घरी ती ओढू नये, आत ढकलू तर नयेच. आतड्यातले जंतू नळीवाटे मेंदूपर्यंत पोचतात. लहान मुलग्यांत शंटनंतर हर्निया किंवा अंडकोशात पाणी होते. साधा बद्धकोष्ठही पोटातला दाब वाढवून निचरा मंदावतो.

सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीकडचा रुग्ण मोठ्या इलाजासाठी मिरज गाठतो. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उघडले तेव्हापासूनची ही वहिवाट. घोळ होतो तो त्याआधी. उलट्या आणि पोटदुखी म्हटल्यावर जंताचे किंवा अपचनाचे औषध मिळते, कारण पोटाची तक्रार सांगताना डोक्याचे जुने ऑपरेशन सांगावे हे घरच्यांना सुचतच नाही. अपेंडिक्सचे ऑपरेशन ठरले तरी सर्जनला शंटची कल्पना आधी द्यावी लागते: अपेंडिक्स फुटले असेल तर नळीचे खालचे टोक पोटाबाहेर काढावे लागते.