वाट बघायचीच तर समुद्रात बघावी

विजेवर चालणाऱ्या मालवाहू जहाजाची बातमी आली की सगळे एकच विचारतात, बॅटरी केवढी? नॉर्वेच्या 'यारा बर्कलंड'ची सुमारे ७,००० युनिटांची, तर चीनमध्ये यांगत्से नदीवर धावणाऱ्या 'ग्रीन वॉटर ०१'ची ५०,००० युनिटांहून मोठी. पण ही वीज कुठवर पुरेल, हे ठरतं वेगावर.

पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेवढंच अंतर कापायला लागणारी ऊर्जाही त्याच प्रमाणात वाढते. ६० सागरी मैल १० नॉट, म्हणजे तासाला १० सागरी मैल, वेगाने गेलात तर ६ तास लागतील. १२ नॉटने गेलात तर ५ तासांत पोचाल, पण वीज ४४ टक्के जास्त जाईल. बंदरातला धक्का रिकामा नसेल तर वाचलेला तास नांगर टाकून काढायचा!

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. निम्मं अंतर १२ नॉटने जा, उरलेलं सुमारे ८.६ नॉटने. वेळ तेवढाच, ६ तास. तरीही वीज जवळपास ९ टक्के जास्त लागते, कारण वेगात उधळलेलं नंतरच्या संथपणात पुरतं भरून येत नाही. शक्ती, म्हणजे दर तासाला लागणारी वीज, वेगाच्या घनाने वाढते, तिचा आलेख वर वाकलेला असतो, आणि अशा आलेखावर सरासरी वेगाची शक्ती ही शक्तींच्या सरासरीपेक्षा नेहमी कमीच भरते. ही डॅनिश गणिती येन्सन यांची १९०६ सालची असमानता. 'एआयने वीज वाचवली' अशा जाहिरातींमागे बऱ्याचदा हेच जुनं गणित असतं. मात्र फार संथ जाऊनही चालत नाही. शीतपेट्या आणि पंप तासागणिक वीज खातच असतात.

ताफ्यात हे गणित गुंतागुंतीचं होतं. तीन जहाजं आणि चार्जिंगचा धक्का एकच असेल, तर तिसऱ्याला निघतानाच सांगायचं, सावकाश ये. त्याची प्रतीक्षा वाटेतच संपते आणि बॅटरीही कमी रिकामी होते. पण दहा जहाजांचे क्रमच ३६,२८,८०० होतात. त्यात भरती-ओहोटी, वारा आणि माल पोचवायची मुदत यांची भर.

खरी अडचण मात्र कागदावर आहे. जहाजभाड्याच्या पारंपरिक करारांत शक्य तितक्या लवकर पोचण्याची अट असते, आणि अनेक बंदरांत आधी येणाऱ्याला आधी धक्का मिळतो. अशा वेळी कप्तानाने वेग कमी केला तर त्याचा नंबर जातो. बंदराने धक्क्याची वेळ काही तास आधी पक्की केली आणि करारात संथ येण्याची मुभा दिली, तर आहे त्याच बॅटरीत ही जहाजं आणखी दूर जाऊ शकतील.