हात लावून बघ

"आमटी चाखून बघ." "आंबा पिकलाय का, जरा दाबून बघ." "फोन लागतोय का, लावून बघ." मराठीत बघायला डोळे लागतातच असं नाही. तरीही अंध मुलांच्या वर्गात पहिल्यांदा पाऊल टाकणारा डोळस शिक्षक नेमका याच शब्दाला अडखळतो. 'बघ' म्हणावं की नाही? मुलाला वाईट वाटेल का? मग तो हा शब्द गाळून बोलू लागतो आणि त्याचं बोलणं सरकारी परिपत्रकासारखं कोरडं होतं.

मुलाला या शब्दाचं काही वाटत नाही. बार्बरा लँडाउ आणि लायला ग्लाइटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षांची एक जन्मांध मुलगी आहे. तिची भाषा इंग्रजी. 'वर बघ' म्हटलं की ती दोन्ही हात वर करायची. डोळस मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून हेच सांगितलं, तर ती मुलं मान वर करायची. पट्टीआड दिसत काहीच नव्हतं, तरी मान वर! या मुलीला 'हात लाव, पण बघू नकोस' म्हटलं की ती वस्तूला नुसता स्पर्श करायची आणि 'आता बघ' म्हटलं की सगळीकडून चाचपायची. 'बघणे' याचा अर्थ तिला कुणी शिकवला नव्हता. रोजच्या बोलण्यातून तिने तो स्वतःच लावला होता आणि तो चोख होता.

भाषा अशी आपल्या पायांनी चालत येते. पण वस्तू तशा येत नाहीत, आणि बालविकासाचे सिद्धांत शिकून आलेला शिक्षक इथेच चकतो.

डी.एड., बी.एड.ला स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे सगळेच वाचतात. बाळाचा खुळखुळा फडक्याखाली लपवला आणि त्याने फडकं ओढून तो शोधून काढला, की वस्तू नजरेआड झाली तरी ती असते हे त्याला उमगलं असं समजायचं. ज्याला नजरच नाही त्याच्यासाठी 'नजरेआड' म्हणजे काय? त्याच्या हातातून खुळखुळा सुटला की तो संपला. जमिनीवर टणत्कार होतो खरा, पण तो आवाज म्हणजे मघाशी मुठीत होता तोच खुळखुळा, हे त्याने कशावरून ताडायचं? डोळस बाळाला हातातली वस्तू, तिचं पडणं आणि तिचा आवाज हे सगळं एकत्र बांधून देण्याचं काम डोळे फुकटात करतात. अंध बाळाला ते तुकडे स्वतः शिवावे लागतात.

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी जन्मांध, पण इतर कोणतंही अपंगत्व नसलेल्या दहा बाळांचा त्यांच्या घरी जाऊन दीर्घकाळ अभ्यास केला. १९७७ साली त्यांनी तो सविस्तर मांडला. ही बाळं बसायला आणि आधार घेऊन उभी राहायला बऱ्यापैकी वेळेवर लागली. अडलं ते रांगणं. डोळस बाळ साधारण सातव्या महिन्यात रांगू लागतं, या बाळांना १३ महिन्यांच्या आसपास वेळ लागला. खोलीभर एकट्याने चालायला दीड वर्ष उलटून गेलं. पाय तयार होते, कंबर तयार होती. मग अडलं कुठे? पुढे जाण्यासारखं काही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. समोरचा लाल चेंडू डोळस बाळाला 'ये ये' म्हणत असतो. आवाजाच्या दिशेने हात पुढे करणं या मुलांना पहिल्या वर्षाच्या अखेरीकडे जमू लागलं, आणि आवाजाकडे हात टाकण्याआधी त्यांतलं एकही बाळ रांगलं नाही. हे वाचलं की 'मूल मंद आहे' हा शेरा किती उथळ असतो ते कळतं.

फ्रायबर्ग यांचं दुसरं निरीक्षण मला अधिक मोलाचं वाटतं. आईचा आवाज ऐकून डोळस बाळ हसतं, हातपाय उडवतं. अंध बाळ बऱ्याचदा एकदम स्तब्ध होतं. आईला वाटतं, याला माझं काहीच नाही. खरं तर ते कान टवकारून ऐकत असतं. त्याचा चेहरा निर्विकार दिसतो, पण त्याच वेळी बोटं हलत असतात, काहीतरी शोधत असतात. फ्रायबर्ग आयांना सांगत, चेहरा नका वाचू, हात वाचा.

रशियातले मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉत्स्की यांनी हाच मुद्दा दुसऱ्या टोकाने मांडला. ते म्हणत, अंध मूल अंधार 'भोगत' नसतं. अंधत्वाचा दोष होतो तो भोवतालच्या माणसांच्या वागण्यामुळे. म्हणजे आपल्याकडे ताटातला घाससुद्धा भरवून मोठं केलेलं, अंगणाबाहेर कधी न सोडलेलं मूल शाळेत येतं तेव्हा त्याच्या मागे पडण्यात डोळ्यांचा वाटा किती आणि लाडाचा किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता थोडं स्पर्शाबद्दल. सुसान लेडरमन आणि रॉबर्टा क्लाट्झकी या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली दाखवलं, की माणसाचा हात वाटेल तसा फिरत नाही. पोत कळायला तो घासतो, कडकपणा कळायला दाबतो, ऊन-गार कळायला नुसता टेकवून ठेवतो, वजनासाठी उचलून तोलतो, ढोबळ आकारासाठी मुठीत घेतो आणि नेमक्या आकारासाठी कडेकडेने बोट फिरवतो. बाजारात कलिंगड घेणारी कुठलीही बाई यातलं निम्मं रोज करते. पण हे सगळं एकापाठोपाठ एक होतं. डोळ्याला झाड एका दमात दिसतं. हाताला आधी खोड, मग फांदी, मग पान भेटतं आणि सगळ्याचं झाड डोक्यात उभारावं लागतं.

आंधळे आणि हत्तीची गोष्ट आपण त्यांची गंमत म्हणून सांगतो. मला ती नेहमी शिक्षकाची चूक वाटत आली आहे. एकाला शेपटी आणि एकाला कान देऊन धडा संपवला! प्रत्येकाला हत्तीभोवती फिरू दिलं असतं, शेपटीवरून पाठीवर आणि पाठीवरून सोंडेवर हात नेऊ दिला असता, तर भांडण झालंच नसतं. वेळ मात्र लागला असता, आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत नेमकी तीच टंचाई.

ब्रेलचंही तसंच. बोटाखाली एका वेळी एकच अक्षर येतं. त्यातल्या त्यात मराठी ब्रेल मुलांवर मेहेरबान आहे. छापील 'कि' मध्ये वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची नंतर, हा गोंधळ तिथे नाही. आधी 'क', मग 'इ', तोंडातून निघतं त्याच क्रमाने.

हात कसा धरायचा, याचीही एक पद्धत आहे. मुलाचा पंजा पकडून तो वस्तूवर ठेवणं सोपं, म्हणून बहुतेक जण तेच करतात. पण हात हेच त्याचे डोळे असतील, तर हे कुणाचं डोकं धरून फिरवण्यासारखं झालं. ओल्या, बुळबुळीत गोष्टीत न सांगता हात बुडवलेलं मूल पुढच्या वेळी मूठ आवळून बसतं. जाणते शिक्षक आपला हात खाली ठेवतात आणि मुलाचा वर. शेंगा सोलायच्या असतील, तर शिक्षकाची बोटं शेंग दाबतात, टरफल फोडतात, दाणे काढतात. मुलाची बोटं त्यावर स्वार होऊन ती हालचाल टिपतात, नको वाटलं तर उचलली जातात. काही दिवसांनी मुलाची बोटं शिक्षकाच्या बोटांवरून घसरून शेंगेपर्यंत पोचतात. तेव्हा खालचा हात हळूच काढून घ्यायचा.