कॅम्पर व्हॅनमधील लाकूडकाम (इंदूर)

राहण्याजोग्या केलेल्या गाडीत, त्या गाडीच्याच मापाने घडवलेल्या लाकडी वस्तूंना कॅम्पर व्हॅनमधील लाकूडकाम म्हणतात. घडीचे मेज, सिंकवर बसणारी फळी, बरण्यांची मांडणी, खण, खुंट्या हे सगळे त्यात येते. इंदूरला या कामासाठी लागणारी मुख्य वस्तू, म्हणजे गाडी, हाकेच्या अंतरावर मिळते. शेजारच्या धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर ही व्हॅन तयार होते. कंपनी २००५ पर्यंत बजाज टेम्पो होती, म्हणून लोकांच्या तोंडी अजूनही 'टेम्पो ट्रॅव्हलर'च असते.

घरचे फर्निचर उत्तम करणारा मिस्त्री गाडीत शिरला की पहिल्याच दिवशी अडतो. त्याचा भरवसा ओळंबा, पाणसळ आणि गुण्यावर, म्हणजे उभे, आडवे आणि काटकोन तपासायच्या साधनांवर, असतो. इथे मात्र गाडी उभी असते तीच तिरकी, भिंती वर जाताना आत झुकतात आणि पत्र्याला बाक असतो. पाणसळ बाजूला ठेवून गाडीची जमीन हाच पाया धरावा लागतो आणि बाकी काम फर्म्यावर, म्हणजे आकार उतरवून घेतलेल्या पुठ्ठ्यावर, चालते. पुठ्ठा पत्र्याजवळ घट्ट धरायचा, पेन्सिल एका छोट्या ठोकळ्याला बांधायची आणि ठोकळा पत्र्याला टेकवून वरपासून खालपर्यंत ओढायचा. पत्र्याचा बाक जसाच्या तसा पुठ्ठ्यावर उतरतो. त्यावरून आधी स्वस्त प्लायचा नमुना कापतात आणि तो बसला तरच खऱ्या तुकड्याला करवत लावतात. कडेला एक सूत जागा सोडतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चालत्या गाडीचा पत्रा हलतो, लाकूड त्याला घासले की करकर सुरू होते. त्या फटीत नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी भरली की आवाज बंद.

दुसरी सवय मोडावी लागते ती जाडीची. घरात १८ मिमी प्लाय डोळे मिटून वापरतात, पण त्याचा आठ बाय चार फुटांचा एक तक्ता ३५ किलोच्या आसपास भरतो. गाडीत चौकटीला १२ आणि दारांना ९ मिमी पुरते. प्लाय आयएस ७१० दर्जाचा, म्हणजे मरीन (पाण्याला टिकणारा), घ्यावा. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो खरा, पण हादऱ्यांनी त्यातले स्क्रू सैल होतात आणि पाणी लागले की तो फुगतो. सागवान कडांच्या पट्ट्यांपुरते ठेवलेले बरे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळपास नाही. त्यामुळे माळव्याच्या कोरड्या मे महिन्यात घट्ट बसवलेला अखंड फळीचा खण जुलैत उघडत नाही. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने त्यात हा त्रास फार कमी.

खणांची खरी परीक्षा ओंकारेश्वरच्या वाटेवर, सिमरोलपुढच्या भेरूघाटात होते. जोराचा ब्रेक लागला की दहा किलोंची भांडी पाच किलोंहून जास्त जोराने पुढे रेटतात आणि घरगुती चुंबकी कॅच सुटतो. खटका बसवता येतो, पण त्याहून चांगली एक फुकटची युक्ती आहे. खणाच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या टोकाशी, खालून खाच कापायची. बंद केल्यावर खाच चौकटीच्या पट्टीवर बसते आणि खण बोटभर उचलल्याशिवाय बाहेर येत नाही. (इंदूरच्या मिस्त्रीशी हिंदीत बोलताना खण नव्हे, 'दराज' म्हणावे.)

मराठी स्वयंपाकाच्या गाडीत पोळपाटाची जागा आधी ठरवावी लागते. सोयीचा पोळपाट चौकोनी असतो. खालच्या दोन पट्ट्या सिंकच्या काठात अडकतात, म्हणून लाटताना तो सरकत नाही, आणि पालथा केला की भाजी चिरायला होतो. शेव, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि गोड्या मसाल्याच्या बरण्यांसाठी फळीला भोके पाडतात. बरणी निदान एक तृतीयांश आत बसली पाहिजे. देव्हारा हौसेने करतात. निरांजन मात्र गाडी थांबवून बाहेर लावावे.

गॅसच्या टाकीच्या कपाटाला तळाशी, थेट गाडीबाहेर उघडणारे भोक हवेच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. हे भोक पाडायचे राहून गेले असेल तर बाकी सारी कारागिरी व्यर्थ.

सुट्या वस्तूंना सहसा परवानगी लागत नाही. मात्र आसने काढून कायमचा पलंग ठोकला, तर नोंदणी पुस्तकातला तपशील बदलतो आणि मोटार वाहन कायदा १९८८ चे, गाडीतल्या बदलांबाबतचे कलम ५२ लागू होते. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे राहण्यासाठीच बांधलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे वेगळे वाहन मानक आहे.

चौकट बाहेरच्या पत्र्यात कधीच ठोकत नाहीत, कारण भोकातून गंज सुरू होतो. ती आतल्या बरगड्यांना रिवेट-नटने (भोकात पक्क्या बसणाऱ्या आट्यांच्या नटने) कसतात. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. इंदुरातून महेश्वरच्या अडीच-तीन फेऱ्यांत तेवढे अंतर भरते.