उद्योग-सुरक्षा बैठकीची ऑनलाइन नोंदणी: पोचक्रमांक येतो, मग गेटवरच्या यादीत नाव का नसतं?

सरकारी खात्याने उद्योगांसाठी सुरक्षेची बैठक ठेवली की नोंदणीची लिंक असोसिएशनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडते. मकरपुरा, मंजुसर, वाघोडिया, नंदेसरी, बडोद्याच्या आसपास सगळीकडे हीच पद्धत. लोक घाईघाईत फॉर्म भरतात, पोचक्रमांक येतो आणि काम झालं असं समजून चालायला लागतात. पोचक्रमांकाचा अर्थ एवढाच, की संगणकाने फॉर्म घेतला. त्यानंतर तो माणसाच्या टेबलावर जातो, तिथून मंजुरी झाली तर वेगळी मेल येते, आणि त्या मेलनंतरच नाव गेटच्या यादीत चढतं. मंजुरीची मेल आली नसेल तर स्पॅम बघा, आणि तिथेही नसेल तर बैठकीच्या आदल्या संध्याकाळची वाट न बघता फोन करा.

अपात्र म्हणून परत गेलेले फार थोडे असतात. बाकीचे अडकतात ते फॉर्ममधला माणूस, पत्रातला माणूस आणि खिशातल्या कार्डावरचा माणूस जुळत नाहीत म्हणून. त्यामुळे फॉर्म कसा भरायचा यापेक्षा काय तपासायचं यावरच पुढे जास्त लिहिलं आहे.

बैठक कोणती, ते आधी बघा

रसायनांच्या कारखान्यांची गोष्ट वेगळी आहे. 1996च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट असतो. तो 45 दिवसांतून एकदा आणि त्याखालचा स्थानिक संकट गट महिन्यातून एकदा बसावा असं नियमात आहे. या बैठकांना खुली नोंदणी नसते, सदस्यांना बोलावणं जातं. 'आमची लिंक हुकली' म्हणून हळहळणारे दर वेळी भेटतात. लिंक नव्हतीच. काही मांडायचं असेल तर गटावर उद्योगांचा जो प्रतिनिधी असेल त्याच्या हाती लेखी द्या.

सायबर सुरक्षेच्या कार्यशाळा आणि बैठकांना मात्र कोणत्याही युनिटला नोंदणी करता येते, अगदी सहा माणसांच्या वर्कशॉपलाही. इथे अडतं ते 'संपर्क अधिकारी' या रकान्यापाशी. सर्ट-इन म्हणजे सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या 28 एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार प्रत्येक संस्थेने त्यांच्याशी बोलायला एक माणूस नेमून त्याची माहिती कळवायची आहे. ठरावीक सायबर घटना 6 तासांत कळवणं आणि लॉग, म्हणजे संगणकांवरच्या हालचालींच्या नोंदी, 180 दिवस सांभाळणं हेही त्याच निर्देशांत आहे. लघुउद्योगांना तयारीसाठी 25 सप्टेंबर 2022पर्यंत मुदत दिली होती. ती केव्हाच संपली, तरी निम्म्या फॉर्मवर या रकान्यात 'लागू नाही' लिहिलेलं दिसतं. लागू आहे. आयटीचा माणूस ठेवला नसेल तर मालकाने स्वतःचं नाव लिहावं. टॅलीची दुरुस्ती करायला येणाऱ्या बाहेरच्या मुलाचं नाव लिहू नका. तो वर्षभरात दुसरीकडे जातो आणि नोटिसा त्याच्या मोबाइलवर जात राहतात.

तिसरा प्रकार संरक्षण उत्पादनाचा. 28 ऑक्टोबर 2024ला बडोद्यात सी-295 या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून मशीनिंग करणाऱ्या प्रत्येकाला या बैठकांना जावंसं वाटतं, आणि त्यात चूक काही नाही. पण फॉर्ममध्ये 'वर्ग ए, बी, सी' असा पर्याय दिसला की लोक बिनदिक्कत ए निवडतात, चांगला वाटतो म्हणून! संरक्षण मंत्रालयाने 2014मध्ये परवानाधारक उद्योगांसाठी सुरक्षा मॅन्युअल काढलं, त्यातले हे वर्ग आहेत. परवान्याखाली काय बनवता यावर ते ठरतात. सर्वांत गोपनीय वस्तू ए मध्ये, गोपनीय माहितीशी संबंध नसलेल्या सी मध्ये. तुमच्याकडे औद्योगिक परवानाच नसेल आणि तुम्ही परवानाधारकाला सुटे भाग पुरवत असाल, तर तुम्हाला कोणताच वर्ग नाही. 'परवाना नाही, पुरवठादार' असं सरळ लिहा. ए वर टिक केली की परवान्याचा क्रमांक मागतात, तो देता येत नाही, आणि खोटी माहिती दिल्याचा शेरा पुढच्या बैठकीपर्यंत पाठ सोडत नाही.

जो कागद लहान युनिटकडे नसतोच

फॅक्टरी लायसन्स. फॉर्म बनवणाऱ्याने हा रकाना सक्तीचा करून ठेवलेला असतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर मोठा कारखाना असतो. 1948च्या मूळ कारखाना कायद्यातही वीज वापरणाऱ्या ठिकाणी 10 आणि न वापरणाऱ्या ठिकाणी 20 कामगार ही मर्यादा होती. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत ती 20 आणि 40 आहे. म्हणजे आठ जणांच्या लेथ-वर्कशॉपकडे हे लायसन्स नसणं हा गुन्हा नाही, पण संगणकाला ते कोण सांगणार! रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. वैतागून कोणी दुकान-आस्थापनेचा क्रमांक टाकतं, कोणी शेजारच्या भावाच्या कारखान्याचा. शेजारच्याचा क्रमांक टाकलात तर नकार ठरलेलाच आहे. त्यापेक्षा क्रमांकाच्या जागी 'मर्यादेखालील युनिट' लिहा. फाइल जोडायच्या जागी लेटरहेडवर कामगारांची संख्या आणि लायसन्स लागू नसल्याचं दोन ओळींचं घोषणापत्र टाका, आणि त्याच पीडीएफमध्ये उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा कागद, जोडा. पोर्टल अक्षरं घेतच नसेल, फक्त आकडे मागत असेल, तर फॉर्म सोडा आणि परिपत्रकावर दिलेल्या मेलवर तोच मजकूर पाठवा. पाठवलेली मेल जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा.

उद्यमचा क्रमांक आडव्या रेघा धरून 19 चिन्हांचा असतो आणि सुरुवातीला इंग्रजीत 'उद्यम' लिहिलेलं असतं. उद्यमच्या आधीचा जुना उद्योग आधार अजून भिंतीवर फ्रेम करून लावलेला असेल तर तो तिथेच राहू द्या. त्याची वैधता 30 जून 2022ला संपली.

जीएसटीच्या बाबतीत एकच सांगायचं आहे. ज्यांचं मुख्य कार्यालय पुण्याला किंवा ठाण्याला आणि शेड मंजुसरला, त्यांचे लेखापाल सवयीने 27ने सुरू होणारा महाराष्ट्राचा क्रमांक पाठवतात. बैठक गुजरातमधल्या युनिटसाठी असेल तर 24ने सुरू होणारा हवा. पत्ता सावली तालुक्याचा आणि क्रमांक 27चा, असा फॉर्म तपासणारा सरळ बाजूला ठेवतो.

नाव

आता खरं दुखणं. बडोद्यातल्या मराठी माणसाच्या कागदांवर तीन-तीन नावं नांदतात. शाळेच्या दाखल्यावर वडील 'वसंतराव', इथे काढलेल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर तेच 'वसंतभाई', पॅनवर नुसतेच 'वसंत'. गुजरातेत बऱ्याच कागदांवर आडनाव आधी लिहितात, त्यामुळे आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव जाऊन बसतं. बायकांच्या कागदांवर माहेरचं नाव, सासरचं नाव आणि वर 'बेन'. आणि गायकवाडांची तऱ्हा तर विचारूच नका. संस्थानी वळणाने इंग्रजीत 'ए' नंतर 'ई', महाराष्ट्राकडच्या वळणाने 'ए' नंतर 'आय', आणि एकाच घरात दोन भावांची दोन स्पेलिंग.

एरवी यावाचून काही अडत नाही. पण सुरक्षेच्या बैठकीत फॉर्ममधलं नाव जसंच्या तसं गेटपासवर छापतात. बैठक ईएमई स्कूलसारख्या लष्करी आवारात किंवा रिफायनरीच्या कुंपणाआत असेल, तर गेटवर उभा असलेला माणूस राजस्थानचा नाहीतर केरळचा असू शकतो. वसंतराव आणि वसंतभाई एकच, हे त्याने समजून घ्यावं अशी अपेक्षा धरू नका. त्याला कार्ड आणि यादी अक्षराला अक्षर लावून बघायची असतात. आपलं काम इतकंच, की जे ओळखपत्र त्या दिवशी खिशात असणार आहे ते समोर ठेवायचं आणि त्यावरचं नाव, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने, 'भाई'सकट फॉर्ममध्ये उतरवायचं. तेच नाव अधिकारपत्रातही यायला हवं. घरात, दांडिया बाजारात किंवा महाराष्ट्र मंडळात लोक तुम्हाला काय म्हणतात ते इथे उपयोगाचं नाही.

अधिकारपत्र लेटरहेडवर, भागीदार किंवा संचालकाच्या सहीचं, शिक्क्यासह. प्रोप्रायटर स्वतःच जाणार असेल तर 'मी मला अधिकार देतो' असं पत्र लिहावं लागणार, असा वेडेपणा काही फॉर्ममध्ये खरोखरच असतो. हसून घ्या आणि त्याऐवजी 'मी या संस्थेचा एकमेव मालक असून स्वतः उपस्थित राहणार आहे' असं घोषणापत्र जोडा. ते चालतं.

आधार मागितलं तर आधी 8 आकडे झाकलेली, शेवटचे 4 दिसणारी प्रत द्या. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवता येते. पूर्ण आकडे लागतीलच असा आग्रह असेल तर पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालेल का ते विचारा. बहुधा चालतं. फक्त तेच कार्ड गेटवर न्यायला विसरू नका.

पोलिस पडताळणी आणि मुदत

ही सगळ्या बैठकांना लागत नाही. लष्करी आवारातल्या बैठकीला मागितली, तर अर्ज कुठे करायचा इथेच लोक चुकतात. कारखाना कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, माणूस राहतो कुठे ते बघतात. शहरात राहणारा पोलिस आयुक्तांच्या हद्दीत, पाद्रा किंवा डभोईचा जिल्हा पोलिस अधीक्षकांच्या. ज्यांच्या आधारवर अजून धुळ्याचा किंवा जळगावचा पत्ता आहे त्यांची तर दोन्हीकडून कोंडी होते. इथले पोलिस म्हणतात तुमचा पत्ता तिकडचा, तिकडचे म्हणतात तुम्ही इथे राहतच नाही. अशा माणसाचं नाव ऐन वेळी पाठवू नका. त्याला आधी पत्ता बदलून घ्यायला सांगा आणि या खेपेला दुसऱ्याला धाडा.

परिपत्रकात दोन तारखा असतात आणि लोक त्यातली मोठी वाचतात. एक नोंदणी बंद होण्याची, दुसरी त्रुटी दुरुस्त करण्याची. दुसरी तारीख ज्यांनी पहिल्या तारखेआधी फॉर्म भरला आहे त्यांच्यासाठीच असते. 'कामकाजाचे 3 दिवस आधी' असं लिहिलेलं असेल तर मोजताना आणखी गंमत होते. गुजरात सरकारच्या कचेऱ्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद, केंद्राच्या कचेऱ्या बहुतेक सगळ्याच शनिवारी. बैठक जानेवारीच्या मध्याला असेल तर उत्तरायण आणि वासी उत्तरायण, 14 आणि 15 जानेवारी, या दोन दिवसांत आपलं शहर गच्चीवर असतं. दिल्लीचं कार्यालय मात्र 15ला उघडं असू शकतं आणि त्यांच्या हिशेबाने तुमचा एक दिवस गेलेला असतो. परिपत्रक ज्या कार्यालयाने काढलं त्याचं कॅलेंडर धरा.

फॉर्ममध्ये काय लिहू नये

याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून जरा जोर देऊन सांगतो. सुरक्षेच्या बैठकीची नोंदणी आहे, तेव्हा आपली सुरक्षा किती चोख आहे ते सांगावं असं लोकांना वाटतं. 'युनिटची माहिती' या मोकळ्या रकान्यात पहारेकऱ्यांच्या पाळ्या, कॅमेऱ्यांच्या जागा, साठवणुकीच्या टाक्या कुठे आहेत, सगळं लिहून मोकळे होतात. एकाने तर प्लँटचा नकाशाच जोडला होता. कुलपाचा नंबर दारावरच लिहून ठेवण्यातला हा प्रकार. नोंदणीला तुम्ही कोण, कुठल्या युनिटचे आणि संपर्क कसा करायचा इतकंच लागतं. बाकीचं विचारलंच तर 'बैठकीत प्रत्यक्ष सांगू' लिहा. ग्राहकाची ऑर्डर किंवा ड्रॉइंग जोडू नका. पुरवठादार असल्याचा पुरावा हवा असेल तर ऑर्डरचा क्रमांक पुरतो.

लिंक उघडण्याआधी पत्ता बघा. सरकारी पोर्टल शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'वर संपतं. खात्यांनी स्वतःच साध्या गूगल फॉर्मवर नोंदणी घ्यायची सवय लावली आहे, त्यामुळे खरी लिंक आणि बनावट लिंक दिसायला सारखीच. लिंक गूगलची असेल तर ती खात्याच्या संकेतस्थळावरच्या परिपत्रकात छापलेली आहे का ते पडताळा. नसेल तर त्यावर आधारची प्रत चढवू नका, ग्रुपवर कोणीही पाठवली असली तरी.

अमेरिकेत संघराज्य सरकारच्या खात्याला दहा किंवा अधिक लोकांकडून अशी माहिती एकसारख्या प्रश्नांतून गोळा करायची असेल, तर 1995च्या कागदपत्र-कपात कायद्याखाली आधी मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीचा क्रमांक फॉर्मवर छापतात, तो जास्तीत जास्त 3 वर्षं चालतो, आणि फॉर्म भरायला साधारण किती मिनिटं लागतील तेही सांगावं लागतं. आपल्याकडे एकच माहिती एकच खातं दर बैठकीला नव्याने मागतं. 2023चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर 18 महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर निदान एवढं करा: माहिती कशासाठी घेताय आणि कोण ठेवणार, हे फॉर्मवर लिहिलेलं नसेल तर परिपत्रकावरच्या मेलवर विचारा. उत्तर येईलच असं नाही, पण विचारल्याची नोंद राहते.

माणूस बदलायचा असेल तर

आजारपण, लग्न, अचानक ऑडिट, काहीही होऊ शकतं. मंजूर झालेल्या माणसाऐवजी दुसऱ्याला पाठवायचं असेल तर जुनाच फॉर्म संपादित करू नका. बऱ्याच पोर्टलवर तसं केलं की आधीची मंजुरी रद्द होऊन अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. आधीचा पोचक्रमांक, दोघांची नावं, नवं अधिकारपत्र आणि नव्या माणसाच्या ओळखपत्राची प्रत एकाच मेलमध्ये पाठवा, विषयात 'प्रतिनिधी बदल' लिहा, आणि कचेरी उघडल्यावर पहिल्या तासात फोन करा, कारण गेटची यादी बहुधा आदल्या दिवशी दुपारीच छापायला जाते. यादी गेली असेल तर त्याला पाठवूच नका. गेटवर पडताळणी न झालेल्या माणसाला सोडायचा अधिकार तिथल्या कोणालाच नसतो, कितीही ओळख सांगितली तरी. बैठकीचं इतिवृत्त नंतर मेलने मागता येतं. गाडी बदलली असेल तर तिचा नंबरही त्याच मेलमध्ये कळवा.