गुत्तीहून निघालेले पत्र आणि गणितसंस्थेचा वार्षिक कार्यक्रम

इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचा येत्या वर्षाचा कार्यक्रम कोणत्याही वर्षी पाहिला, तरी त्यात ठरावीक कामे आढळतात. वार्षिक परिषद भरवायची, ‘जर्नल’ आणि ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ ही दोन नियतकालिके वेळेवर काढायची, रामानुजन, गणेश प्रसाद, हंसराज गुप्ता, भटनागर आणि रामस्वामी अय्यर यांच्या नावाची स्मृतिव्याख्याने ठेवायची आणि तरुण संशोधकांना पारितोषिके द्यायची. यादी रूक्ष वाटते. मात्र तिच्यातील मुख्य कामे संस्थेच्या पहिल्या पंचवीस-सव्वीस वर्षांतच ठरली आणि ती एकेका अडचणीतून निघाली, हे लक्षात घेतल्याशिवाय या उद्दिष्टांचा नीट अर्थ लागत नाही.

संस्थेचे मूळ कोणत्याही विद्यापीठात नाही, ते महसूल खात्यात आहे. व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रास इलाख्यातील डेप्युटी कलेक्टर होते आणि १९०६ च्या अखेरीस त्यांचा मुक्काम अनंतपूर जिल्ह्यातील गुत्ती येथे होता. मुरारराव घोरपड्यांमुळे मराठी वाचकाला ओळखीची असलेली गुत्ती ती हीच. ‘एज्युकेशनल टाइम्स’ या लंडनच्या नियतकालिकात ते विद्यार्थिदशेपासून गणिती टिपणे पाठवत आणि संपादकांनी परस्पर त्यांना प्राध्यापक ठरवून टाकल्यामुळे ती उपाधी त्यांना कायमची चिकटली. २५ डिसेंबर १९०६ रोजी त्यांनी गणिताची आवड असलेल्या काही परिचितांना पत्र लिहिले. आपल्याला गणिताची महत्त्वाची नियतकालिके आणि नवे ग्रंथ पाहायला मिळत नाहीत, एकेकट्याला ते मागवणे परवडणारे नाही, तेव्हा एक लहानशी मंडळी जमवून ती मिळून मागवावीत, एवढाच त्याचा आशय होता. ४ एप्रिल १९०७ रोजी वीस सदस्यांनिशी ‘ॲनालिटिक क्लब’ सुरू झाला आणि मद्रासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक बी. हनुमंतराव त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट म्हणजे हे एकच काम होते आणि माझ्या मते संस्था टिकली ती उद्दिष्टाच्या या अरुंदपणामुळेच. राष्ट्राच्या प्रगतीची किंवा विज्ञानाच्या उत्थानाची भाषा तिथे नव्हती. वार्षिक वर्गणी २५ रुपये होती. पुढे १९१२ साली रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून लागले, तेव्हा त्यांचा पगार महिना ३० रुपये होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वर्गणीचे वजन कळते. असे पैसे देणाऱ्याला वर्षअखेरीस हातात काय पडले हे विचारण्याचा हक्क होता आणि उत्तरही मोजता येण्याजोगे होते, कारण आलेले अंक दाखवता येत होते.

ग्रंथालयासाठी जागा हवी होती, ती पुण्यात मिळाली. १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि त्यांच्यामुळे संस्थेची पुस्तके व अंक फर्ग्युसनमध्ये राहू लागले. सदस्य मात्र दूरदूरच्या गावी विखुरलेले. त्यामुळे पुण्यात आलेला अंक टपालाने एका सदस्याकडे जाई, परत येई आणि दुसऱ्याकडे निघे. युरोपातील एखादा नवा निबंध तालुक्याच्या गावच्या कचेरीतील टेबलावर येऊन पडण्याची सोय हीच त्या काळात संस्थेची मोठी मिळकत होती. १९१० च्या सुमारास संस्थेची नवी नियमावली झाली आणि ‘क्लब’ची ‘सोसायटी’ झाली. ग्रंथालय पुढे मद्रासच्या रामानुजन इन्स्टिट्यूटकडे गेले.

वाचायला मिळाल्यावर लिहिण्याची गरज आपोआप उभी राहते. सदस्यांकडे आधी प्रगती-अहवाल जात, त्यांतूनच १९०९ साली ‘जर्नल’ निघाले आणि बंगळुरूचे एम. टी. नारायणअय्यंगार यांनी ते दीर्घकाळ संपादित केले. त्यातला वाचकांनी सोडवायच्या प्रश्नांचा विभाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे पदवी किंवा नोकरी विचारली जात नसे. १९११ मध्ये रामानुजन यांचा २८९ क्रमांकाचा प्रश्न तिथे छापून आला. १ मध्ये काही मिळवून वर्गमूळ घ्यायचे. ते काही म्हणजे २ गुणिले दुसरे वर्गमूळ, त्याच्या पोटात १ अधिक ३ गुणिले तिसरे, त्याच्या पोटात १ अधिक ४ गुणिले चौथे, असे अखंड चालले तर एकूण किंमत किती? तीन अंक निघून गेले तरी कोणाचे उत्तर आले नाही आणि शेवटी ते रामानुजन यांनीच दिले. उत्तर ३. युक्ती पाहिली की हसू येते: ३ म्हणजे ९ चे वर्गमूळ, ९ म्हणजे १ अधिक २ गुणिले ४, तो ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ, १६ म्हणजे १ अधिक ३ गुणिले ५, आणि तो ५ पुन्हा तसाच उलगडतो. बर्नुली संख्यांवरचा त्यांचा पहिला निबंधही त्याच वर्षी ‘जर्नल’मध्ये आला.

त्याआधी रामानुजन वह्या घेऊन नोकरी मागायला रामस्वामी अय्यरांकडेच, तेव्हा त्यांचा मुक्काम असलेल्या तिरुकोयिलूरला, गेले होते. महसूल खात्यातल्या खालच्या पायरीवर या माणसाला बसवणे अय्यरांना पटले नाही आणि त्यांनी त्याला मद्रासच्या गणितज्ञांकडे धाडले. संस्थेचे जाळे तयार होते म्हणून हे धाडणे शक्य झाले, पण असे काम कोणत्याही वर्षाच्या उद्दिष्टांत लिहिता येत नाही.

बाकीची कलमे पुढे एकेक करून आली. पहिली परिषद १९१६ मध्ये मद्रासला भरली. परिषदा आधी काही वर्षांच्या अंतराने होत, वार्षिक पुढे झाल्या. १९३३ मध्ये ए. नरसिंगराव यांच्या संपादनाखाली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ सुरू झाले. स्मृतिव्याख्याने त्यानंतरची, त्यांच्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही.

अय्यरांच्या मूळ पत्रातली मागणी आज संस्थेच्या हातून जवळजवळ सुटली आहे. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली; तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून त्यातून सुमारे १३,००० नियतकालिके सहा हजारांहून अधिक सरकारी संस्थांतील विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधकांना वाचता यावीत अशी व्यवस्था आहे. गणितातले पुष्कळसे लेखन ‘अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर फुकटही मिळते, हे खरे. तरीही ही योजना माणसाला ओळखते ती त्याच्या संस्थेवरून. आणि १९०६ साली गुत्तीहून पत्र लिहिणारा डेप्युटी कलेक्टर अशा कोणत्याही संस्थेत नव्हता.