मीटर, पंप आणि ‘ओपन’ या शब्दाचा गुंता

सध्या आमच्याकडं जालना-अंबडच्या पट्ट्यात मोसंबीवाले सगळे एकच विचारायलेत, ह्या कंपनीचा ड्रिपचा कंट्रोलर त्या कंपनीच्या स्टार्टरला चालंल का? दुकानदार छातीठोकपणे सांगतो, चालंल, ओपन आहे. त्या एका शब्दावर लोक पैसे मोजतात आणि नंतर शिवारात डबा उघडून बसायची वेळ येते, म्हणून हा शब्द कुठून कसा आला ते जरा नीट लिहितोय.

माझी बरीच वर्षं वाळूजला पॅनलच्या कामात गेली, म्हणून मी मॉडबसपासून सुरू करतो. मॉडबस म्हणजे मशीननं मशीनशी कसं बोलायचं त्याचे ठरलेले नियम, ज्याला प्रोटोकॉल म्हणतात. १९७९ ला पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा कॉम्प्युटर, बनवणाऱ्या एका कंपनीनं आपल्या मशीनसाठी तो काढला, स्पेक, म्हणजे नियमांचा कागद, सगळ्यांना वाचायला दिला, वापरायला पैसे मागितले नाहीत, आणि २००४ ला तो एका स्वतंत्र संस्थेच्या ताब्यात गेला. म्हणजे कागदावर ओपनच. आता एनर्जी मीटरचं बघा. लाइनला २३० व्होल्ट आहेत आणि मीटरनं दोन रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचे दोन खण, पाठवली, १७२५४ आणि ०. ही दोन्ही त्याच क्रमानं जोडून फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा, म्हणून वाचली तर बरोबर २३० येतात, पण उलट क्रमानं जोडली की स्क्रीनवर ०.०० दिसतं आणि पोरगं वायर तपासत बसतं, वायर तर ठीकच असते. कोणता मीटर कोणता क्रम पाळणार, व्होल्टेज कोणत्या नंबरच्या रजिस्टरला असणार, मॅन्युअलमधले नंबर शून्यापासून मोजलेत की एकापासून, हे मॉडबसचा स्पेक ठरवतच नाही, ते ज्याच्या त्याच्या मॅन्युअलमध्ये. आणि ते मॅन्युअल मिळंलच असं नाही. एका मीटरचा रजिस्टर मॅप, म्हणजे कोणत्या रजिस्टरला काय आहे ती यादी, मागायला आम्ही तीन आठवडे फोन करत होतो, शेवटी उत्तर आलं की आमचंच सॉफ्टवेअर घ्या, मॅप देता येत नाही. प्रोटोकॉल ओपन, मीटर बंद.

एमक्यूटीटी, म्हणजे नेटवर्कवरून छोटे मेसेज पाठवायचा प्रोटोकॉल, त्याची गोष्ट ह्याच्या उलटी. १९९९ ला दोन इंजिनिअरांनी तो तेलाच्या पाइपलाइनवर लांबून नजर ठेवायला केला, सॅटेलाइटची लिंक महाग होती म्हणून मेसेज बारीक ठेवला, सगळ्यात लहान पॅकेट २ बाइटचं. पण तो जगाला फुकट वापरायला मिळाला २०१० ला. त्याच सुमारास फुकटात मिळणारा, सोर्ससकट उघडा असलेला ब्रोकर, म्हणजे मेसेज घेऊन पुढं वाटणारा प्रोग्राम, आला, आणि मग एमक्यूटीटी रास्पबेरी पाय ह्या छोट्या कॉम्प्युटरवर चढला, पोरांच्या प्रोजेक्टमध्ये शिरला, पंपाच्या स्टार्टरमध्ये आला. रीतसर स्टँडर्ड म्हणून शिक्का बसला २०१४ ला, म्हणजे लोकांच्या हातात कोड आधी गेला आणि शिक्का मागून आला. माझ्या मते इथंच खरा धडा आहे, कारण स्पेक वाचून शून्यातून ब्रोकर लिहिणारे किती जण निघणार, पण डाउनलोड करून चालवणारे गावोगाव निघतात. फक्त जुनं दुखणं एक पायरी वर सरकलं, मेसेज कसा पोचवायचा ते ठरलं पण आत काय लिहायचं ते नाही, एक जण पंप चालू झाला की १ लिहितो, दुसरा ‘ऑन’ लिहितो, तिसरा सगळी माहिती एका ओळीत कोंबतो.

आता त्या शब्दाकडं येतो. ‘ओपन’चे कमीत कमी तीन अर्थ चालतात आणि विकणारा त्याला सोयीचा असेल तो घेतो. पहिला, स्पेक कुणालाही वाचता येतो. दुसरा, त्यावरून वस्तू बनवली तर पेटंटची रॉयल्टी लागत नाही. तिसरा, पुढं त्यात काय बदल करायचा हे ठरवताना बाहेरच्यालाही जागा असते. लांबवर रेडिओनं थोडा थोडा डेटा पाठवणारं लोरावॅनच घ्या, नेटवर्कचा स्पेक वाचायला मोकळा आहे, पण खालचं रेडिओचं तंत्र एका चिप कंपनीच्या पेटंटमधलं. हा भांडणाचा मुद्दा आपल्या देशातही झाला. ई-गव्हर्नन्ससाठी ओपन स्टँडर्डचं धोरण २०१० च्या नोव्हेंबरात आलं, त्याच्या आधी काही वर्षं मसुद्यावर ओढाताण चालू होती. एक बाजू म्हणत होती रॉयल्टी अजिबात नको आणि एका कामाला एकच स्टँडर्ड हवं, दुसरी बाजू म्हणत होती ‘रास्त आणि भेदभाव न करता’ पैसे घेऊ द्या आणि एकापेक्षा जास्त स्टँडर्ड चालू द्या. ऐकायला दुसरी बाजू समजूतदार वाटते. पण रास्त म्हणजे किती? मोठ्या कंपनीला जो दर रास्त आहे त्यात आमच्या चिकलठाण्यातल्या दहा माणसांच्या वर्कशॉपचं दुकान बंद होतं, शिवाय ओपन सोर्स कोड फुकट वाटताना प्रत्येक कॉपीमागं रॉयल्टी कुणाच्या नावानं भरायची? म्हणून स्टँडर्ड असेपर्यंत आवश्यक पेटंट रॉयल्टीशिवाय मिळालं पाहिजे, असं शेवटी धोरणात लिहिलं गेलं ते मला बरोबर वाटतं, जरी अडचणीच्या वेळी सूट द्यायची वाट त्यात ठेवली होती. ते धोरण सरकारी सॉफ्टवेअरपुरतं होतं, पंप-मीटरसाठी नव्हतं. ओपन सोर्सचं धोरण २०१५ ला वेगळं आलं. कागद एकीकडं आणि कोड दुसरीकडं, दोन फायली झाल्या.

बाहेर मात्र तेव्हा दोन्ही एकत्र बांधायची धडपड सुरू झाली होती. २०१३ च्या डिसेंबरात एका मोबाइल चिप कंपनीच्या कोडवर, वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंनी एकमेकांशी बोलावं म्हणून, ऑलजॉइनचा गट उभा राहिला, २०१४ च्या जुलैत तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी दुसरा गट काढला, आणि त्यांचा आयोटिव्हिटी नावाचा ओपन सोर्स कोड २०१५ च्या सुरुवातीला आला. दोघंही म्हणायचे की आमचंच ओपन. दुसऱ्या गटातून एक मोठी चिप कंपनी थोड्याच दिवसांत बाहेर पडली, भांडण पुन्हा पेटंटच्या हक्कावरूनच. २०१६ ला दोन्ही गट एक झाले. ह्या तीन वर्षांत वस्तू बनवणारे वाट बघत बसले, हे नुकसान कुणी मोजत नाही. कामाची गोष्ट एकच झाली, स्पेक आणि त्याचा चालणारा कोड जोडीनं द्यायचा हे सगळ्यांना पटलं.

मॅटर हा घरातल्या स्मार्ट वस्तूंसाठीचा सामाईक प्रोटोकॉल त्याच पटण्यातून आला. २०१९ च्या डिसेंबरात एरवी एकमेकांशी न बोलणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी मिळून घोषणा केली, नाव २०२१ ला ठरलं, पहिली आवृत्ती २०२२ च्या ऑक्टोबरात. स्पेकबरोबर कोडही उघडा, अपाची लायसन्सखाली, ज्यात पेटंटची परवानगी कोडबरोबरच येते. आणि आत काय लिहायचं हेही ठरलेलं, चालू-बंदचा क्लस्टर, म्हणजे हुकुमांचा गट, नंबर ६, झिगबी ह्या जुन्या वायरलेस स्टँडर्डपासून चालत आलेला तोच. रजिस्टर मॅपसाठी तीन आठवडे फोन करायची गरजच नाही! मात्र डब्यावर मॅटरचं चिन्ह लावायचं तर सदस्यत्व आणि टेस्टिंगचे पैसे लागतात, म्हणजे कोड फुकट पण शिक्का नाही. २०२४ च्या मे महिन्यातल्या १.३ आवृत्तीत पाण्याचा व्हॉल्व्ह आणि पावसाचा सेन्सरही आला, ते वाचून मला लई आनंद झाला होता, पण ते सगळं घराच्या वायफायच्या टप्प्यातलं, विहिरीपासून पाचशे मीटरवरच्या व्हॉल्व्हला ते पोचत नाही.

म्हणून बागेत आजही मॉडबस आणि एमक्यूटीटीच. अंबडकडं मामाच्या मोसंबीत आधीचा कंट्रोलर ज्या सर्व्हरवर चालायचा तो एके दिवशी बंद झाला, डबा चांगला होता, रिले चांगले होते, पण बोलायला कुणी नव्हतं, आणि लाइटची पाळी रात्रीची, म्हणून मामा बॅटरी घेऊन स्टार्टर दाबायला विहिरीवर जायला लागले. आम्ही आतला बोर्ड काढून उघड्या कोडवरचा बसवला, ब्रोकर घरातल्याच जुन्या लॅपटॉपवर. मीटरची रजिस्टर एकेक करून शोधून काढली, कोणत्या नंबरला व्होल्टेज, कोणत्या नंबरला करंट, आधी कोणतं रजिस्टर वाचायचं, सगळं एका कागदावर बॉलपेननं लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवलंय. शेजारच्या दोन बागवाल्यांनी त्या कागदाचा फोटो काढून नेला.